मुंबईत बीच कोणता निवडायचा? आधी तिथी बघा, नाव मंग

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. डिसेंबरात डोंबिवलीला लग्न, लग्नानंतर दोन दिवस मोकळे, सोबत 6 आणि 11 वर्षांची पोरं ज्यांनी अजून समुद्र पाह्यलाच नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि घरात सध्या वाद सुरू की मिस्टर म्हणतात जुहू आणि दीर म्हणतात काशीद. मी नागपुरातून मुंबई आणि कोकणच्या टूर काढतो, बरीच वर्षं याच धंद्यात आहे, आणि माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक माणूस हाच प्रश्न अस्साच विचारतो, की भाऊ कोणता बीच चांगला. पण कोणता हे नंतर बघू, आधी तुम्ही किती वाजता जाऊन राहिले ते सांगा.

कारण काय आहे, आपल्या नागपूरकरांना सवय तलावाची. फुटाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी सहाला जा नाहीतर दुपारी बाराला, पाणी जिथल्या तिथं. अंबाझरीचंही तेच, पावसाळ्यात वाढते अन् उन्हाळ्यात उतरते, बस. मुंबईचा समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, आणि तिकडचे किनारे इतके सपाट आहेत की उधाणाच्या दिवसांत पाणी उभ्या मापात 4-5 मीटर खालीवर झालं की आडव्यात ते लांबच लांब सरकते. त्याच जुहूला दुपारी बाराला गेलेला माणूस येऊन सांगतो की काही नाही हो, वाळूच नाही, नुसती गर्दी आन लाटा भिंतीशी, आणि संध्याकाळी गेलेला सांगतो की एवढं मोठं मैदान की पोरांनी क्रिकेट खेळलं. दोघंही खरं बोलून राहिले. म्हणून नेटवर बीचला किती स्टार आहेत ते बघून काही कळत नाही, लिहिणारा कोणत्या वेळी गेला होता ते त्यात कुठं लिहिलेलं असते.

आता वेळ काढायची कशी. मोबाईलवर भरती-ओहोटीची वेळ मिळते, ती बघाच, पण त्याआधी घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरे आहे. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा नाहीतर अमावस्या असेल तर पंधरा गुणिले पाऊण बरोबर सव्वाअकरा, आणि त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा म्हणजे बारा. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून एक-दोन मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं पाऊण-एक तासानं पुढं. सासूबाईंना विचारा, त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असेल तर मोबाईलच्या आधी त्याच उत्तर देतील.

आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते, आणि अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढते, कमी उतरते, ओढ पण त्यामानाने कमी. म्हणजे लहान पोरांना नुसते पाय भिजवायला अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ बरी, चारनंतर पाणी हळूहळू चढत असते आणि सहा-साडेसहाला भरते. पौर्णिमेला संध्याकाळी पाणी पार आत गेलेलं असते, तेव्हा वाळूवर पळायचं, बॉल खेळायचा, पण पाण्याच्या मागं मागं आत जायचं नाही. ओहोटीचं पाणी बाहेर ओढते. कोळी माणूस भरतीचं पाणी चढत असताना पोराला पाण्यात सोडेल, उतरत्या पाण्यात नाही सोडणार. एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी माझ्या या लांबलचक उत्तराचं काम झालं समजा.

आता नावं घेऊ.

गिरगाव चौपाटी. पोहायला अजिबात नाही, पाणी शहराचं आहे, सांडपाणी समुद्रातच जाते. पण बसायला, भेळ खायला, सूर्यास्त बघायला मुंबईत यापेक्षा सोयीची जागा मला तरी माहीत नाही. चर्नी रोड स्टेशनवरून चालत येता येते, रस्ता आणि वाळू अगदी लागून आहे, लोकमान्य टिळकांचा पुतळा तिथंच आहे, 1920 ला त्यांचा अंत्यसंस्कार याच वाळूवर झाला हे मोठ्या पोराला सांगा. आणि सासूबाईंना वाळूत उतरायचं नसेल तर शेजारी मरीन ड्राइव्हचा कट्टा आहेच, गुडघ्याला काहीच त्रास नाही, बसल्या बसल्या पूर्ण समुद्र दिसते. फक्त कट्ट्यापलीकडे ते तीन-चार पायांचे सिमेंटचे दगड टाकलेत ना, त्यावर पोरांना उतरू देऊ नका, शेवाळ असते आणि फटीत पाय गेला की निघत नाही.

दादर चौपाटी बीच म्हणून मी कोणाला सुचवत नाही, वाळू फार कमी उरली आहे. पण चैत्यभूमी तिथं आहे, आणि आपण दीक्षाभूमीच्या गावचे, तेव्हा जायचं असेल तर त्यासाठी जा, समुद्र सोबत दिसेलच. फक्त 6 डिसेंबर टाळा जर मुख्य हेतू पोरांना फिरवणं असेल तर. त्या दोन-तीन दिवसांत शिवाजी पार्क परिसर माणसांनी भरलेला असते, आणि नागपूर-मुंबई गाड्यांचंही तेच, रेल्वे स्पेशल सोडते तरी जागा मिळत नाही. तुमच्या लग्नाची तारीख त्याच आठवड्यात असेल तर रिझर्वेशन उघडेल त्याच दिवशी करा, पुढं ढकलू नका.

जुहू. मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. पोरांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचा, पावभाजी, बर्फाचा गोळा, घोडा, गर्दी, सगळं एका ठिकाणी पायजे, तर जुहूच. पाणी स्वच्छ नाही, पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका, घोट्यापर्यंत पाय भिजवा आणि बाहेर या. पावसाळ्यात तर मी ग्रुपला पाण्याला हातच लावू देत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात निळ्या फुग्यासारखे जेलीफिशचे भाऊबंद वाळूवर वाहून येतात, दिसायला इतके सुंदर की पोरं हमखास उचलतात, आणि त्याचा तो दोऱ्यासारखा धागा लागला की आग आग होते. तुम्ही डिसेंबरात जाऊन राहिले म्हणून ती भानगड सहसा नसते. डांबराचे बारके गोळे मात्र कधी पायाला चिकटतात, साबणाने निघत नाहीत, खोबरेल तेल लावा, निघतात. बाटली छोटी असू द्या बॅगेत.

वर्सोवा जुहूलाच लागून. 2015 पासून अफरोज शाह नावाच्या वकिलांनी लोक जमवून तिथला कचरा उपसायला सुरुवात केली, संयुक्त राष्ट्रांनी 2016 ला त्यांचा सन्मान पण केला, त्यामुळे हे नाव ऐकून लोक जातात. पण तुमच्यासाठी वेगळा चक्कर मारण्यासारखं तिथं काही नाही.

आक्सा. मालाडच्या पुढं, दिसायला मोकळा, सुंदर, आणि म्हणूनच डेंजर. तिथं पायाखालची वाळू सरकते, आज जिथं गुडघाभर पाणी आहे तिथं पुढल्या महिन्यात खड्डा असतो, बाजूला खाडी, आणि बुडण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येऊन राहिल्या आहेत. मी ग्रुप नेतो तर दुरूनच दाखवतो. दोन पोरं सोबत घेऊन तर नाहीच.

गोराई-मनोरी थोडं निवांत आहे, मार्वेवरून मनोरीला फेरीबोट जाते, बोरिवलीकडून गोराईला जाते. गोराईला जायचं तर खरं कारण पॅगोडा, विपश्यनेचा तो प्रचंड घुमट, आत एकही खांब नाही. सासूबाईंना तो आवडेल. बीच साधा आहे.

केळवे आपल्या लोकांना माहीत नसते. विरारच्या पुढं डहाणू लाइनला केळवे रोड स्टेशन, तिथून रिक्षा, सुरूचं बन, शीतलादेवीचं मंदिर, शनिवार-रविवार सोडला तर शांत. डोंबिवलीहून मात्र जाऊन-येऊन दिवस जातो, आणि खाडीच्या तोंडाशी पाणी ओढते, तिकडे फिरकायचं नाही. हा नियम सगळीकडंच, जिथं खाडी समुद्राला मिळते तिथं पोहायचं नाही म्हणजे नाही.

आता अलिबाग, इथं जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन दिवसांतला एक पूर्ण दिवस मी इथंच घालवायला सांगीन.

अलिबागची वाळू काळपट आहे, फोटोत काही खास येत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. पण ओल्या वाळूवर चालून बघा, डांबरी रस्त्यासारखी कडक, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी हीच वाळू पायजे. काशीदची वाळू पांढरी, मऊ, सुंदर, पण पाय आत रुततो, किनाऱ्याला उतार जास्त, लाट आली की दोन पावलांत पाणी कमरेला. दीर जोडीजोडीनं जात असते तर मीच काशीद सुचवलं असतं, फोटोला त्याच्यासारखा किनारा जवळपास नाही, पण 6 वर्षांचं पोरगं आणि दुखरे गुडघे, नको. शिवाय अलिबागच्या पुढं अजून 30 किलोमीटर.

अलिबागला मुख्य गोष्ट म्हणजे किनाऱ्यासमोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला, आंग्र्यांचा. ओहोटीला तिथवर चालत जाता येते आणि भरतीला चारी बाजूनं पाणी. पोरांना ही एकच गोष्ट दाखवली, सकाळी चालत गेलो तो रस्ता दुपारी समुद्रात गेला, तर भरती-ओहोटी शाळेत शिकवायची गरजच नाही. आता हिशोब लावा. पौर्णिमेला पूर्ण ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे एकदा अंधार संपता संपता आणि एकदा अंधार पडता पडता, दोन्ही गैरसोयीचं. अष्टमीला ओहोटी दुपारी आहे पण भांगाची, पाणी पूर्ण हटेलच याची खात्री नाही. मधल्या तिथ्या बघा, तृतीया, चतुर्थी, पंचमी. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ओहोटी, पाणी अजून बऱ्यापैकी उतरते, ऊन पण डोक्यावर आलेलं नसते. मी ग्रुपच्या तारखा जमतील तेवढ्या याच तिथ्यांना पाडतो. वर फायदा असा की त्याच दिवशी दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान भरती भरते, म्हणजे त्याआधी दुपारभर पाणी चढत असते, पोरांना काठावर खेळवायची वेळ आपोआप तीच येते.

किल्ल्याकडे जाताना चपला घालूनच जा, रबरी पट्ट्याच्या. वाटेत खडक आहेत, त्यावर कालवं, म्हणजे एका जातीचे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांच्या धारा ब्लेडसारख्या, पाय कापला की खाऱ्या पाण्यात जे चुरचुरते ते पोरगं रडल्याशिवाय राहत नाही. कोळणी तिथं वाकून हत्यारानं ती कालवं फोडून आतलं मांस काढत असतात, पोरांना थांबवून दाखवा, विचारलं तर सांगतात. आणि वाळूकडे बघत चाला. नखाएवढे खेकडे ओली वाळू तोंडाने चाळतात आणि खाऊन झालेल्या वाळूच्या बारीक बारीक गोळ्या मागं टाकत जातात, एका भोकाभोवती शेकडो गोळ्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या मांडलेल्या, आणि तुमची सावली पडली की सगळे एका क्षणात गायब. आमच्या ग्रुपमधली पोरं किल्ला विसरतात आणि इथंच बसतात, बसू द्या, फक्त घड्याळ बघा. किल्ल्यात गणपतीचं मंदिर आहे, समुद्राच्या मधोमध असून गोड्या पाण्याची विहीर आहे, पण ओहोटी पूर्ण झाल्याच्या वेळेनंतर तासाभरात परत फिरायचं. लोक आत सेल्फी काढत राहतात आणि मंग कमरेएवढ्या पाण्यातून येतात नाहीतर बोटवाला सांगेल ते देतात. सासूबाईंसाठी किनाऱ्यावरून घोडागाडी मिळते, जायच्या आधी भाव ठरवा, येण्या-जाण्याचा मिळून.

जायचं कसं. गेटवेवरून मांडव्याला बोट, साधारण तासभर, आणि मांडवा ते अलिबाग बस त्याच तिकिटात बऱ्याच बोटवाल्यांकडे असते. पोरांना बोट आवडेल, सीगल मागं लागतात. पण गेटवेच्या पायऱ्या ओल्या, बोट हलत असते, एक पाय पायरीवर एक बोटीत, गुडघेवाल्या माणसाला ते जड जाते. त्यापेक्षा गाडी करून जाणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, 2020 पासून, गाडीसकट आत जाता येते. डोंबिवलीहून सरळ पनवेल-पेण-वडखळ रस्त्यानंही जाता येते, फक्त शनिवार सकाळ आणि रविवार संध्याकाळ वडखळला अडकायची तयारी ठेवा. लग्न रविवारचं असेल तर सोमवार-मंगळवार मोकळे, तेच सोनं आहे तुमच्यासाठी. आणि मासे खाणारे असाल तर बघून घ्या, मार्गशीर्षातला गुरुवार आला आणि सासूबाईंचा उपास असला तर सुरमईच्या ताटासमोर बसून घरात नवीन वाद नको.

गाडी वाळूवर उतरवू नका. ड्रायव्हर म्हणेल काही होत नाही साहेब. अलिबागजवळच्या नागावला एका ग्रुपची गाडी रुतलेली मी पाह्यली आहे, पाणी चढत होतं आणि गावातली पोरं दोर लावून ओढत होती. तेव्हापासून माझ्या ड्रायव्हरांना पार्किंगच्या पुढं गाडी न्यायची परवानगीच नाही.

पाण्याबद्दल अजून दोन गोष्टी, कारण आपल्याकडची माणसं स्विमिंग पूलमध्ये पोहतात आणि समजतात आपल्याला पोहता येते. किनाऱ्यावर पोहोचले की लगेच उतरू नका, पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटून राहिला आणि मधेच एक पट्टा शांत, गडद, तिथं लाट फुटतच नाही, असं दिसलं तर नवीन माणूस हमखास म्हणतो चला तिथं शांत आहे. तिथंच जायचं नाही. लाटांनी आणलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असते आणि माणसाला सोबत घेऊन जाते. त्यात कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर निघायचं, मंग लाटा स्वतःच आणून सोडतात. लाल झेंडा लावला असेल किंवा जीवरक्षकानं शिट्टी मारली तर हुज्जत नको. आणि पोरांना निळे-पांढरे कपडे घालू नका, पाण्यात दिसत नाहीत, भगवा, पोपटी, भडक जो असेल तो घाला. मोठ्यांपैकी एकानं फक्त पोरांकडे बघायचं, मोबाईल खिशात, पाळीपाळीनं.

पोरांना समुद्रातून सूर्य उगवताना बघायचा हट्ट असेल तर मुंबईत चौपाटीवर ते होणार नाही, तिथं सूर्य समुद्रात बुडतो. गेटवेचं तोंड पूर्वेकडे आहे, अलिबागची पहिली बोट गाठायला पहाटे पोहोचले तर बंदराच्या पाण्यावर सूर्योदय मिळून जाईल. पूर्ण मोकळ्या समुद्रातून उगवलेला पायजे तर पुढल्या वेळी विशाखापट्टणम नाहीतर पुरी, आपल्या नागपूरकरांना तेही काही फार दूर नाही. आणि सूर्यास्ताची वेळ आपल्या सवयीनं धरू नका, मुंबईत सूर्य नागपूरपेक्षा साधारण 25 मिनिटं उशिरा मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास. साडेपाचला अंधार पडेल म्हणून लवकर उठून जाणारे आपलेच लोक असतात.

तर तुमच्यासाठी माझा प्लॅन असा. मोकळ्या दोन दिवसांपैकी ज्या दिवशी ओहोटी सकाळी येते तो अलिबागला द्या, मुक्काम जमला तर उत्तम, नाही तर सकाळी लवकर निघा. दुसऱ्या दिवशी सामान घेऊनच निघा, सीएसएमटीला क्लोकरूममध्ये टाका आणि दुपारनंतर गिरगाव, कारण जुहूवरून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये स्टेशन गाठणं म्हणजे बीपी वाढवून घेणं आहे, आणि गिरगावहून टॅक्सीनं थोडक्यात पोहोचता. सूर्यास्त बघायचाच असेल तर परतीचं तिकीट विदर्भ एक्स्प्रेसचं काढू नका, ती संध्याकाळी लवकर सुटते, दुरांतो घ्या. मिस्टरांना जुहू हवंच असेल तर लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना पोरांसोबत पाठवून द्या, तुम्ही मेंदी काढून घ्या.

लग्नाची तारीख कळवली तर त्या दोन दिवसांच्या तिथ्या बघून कोणता दिवस आधी ठेवायचा ते सांगतो. तोवर हॉटेल बुक करू नका, आणि केलंच तर तारीख बदलता येईल असंच करा.